ध्यानकुटी बांधण्यापूर्वी



आज उपवासकाळातील दुसरा रविवार. आजच्या शुभवर्तमानात आपण प्रभू येशूच्या रूपांतराचा प्रसंग ऐकतो. डोंगरावरचे ते तेज पाहून पेत्राला राहवत नाही आणि इथेच तीन मंडप बांधू या, असे तो म्हणून जातो. हा प्रसंग आम्ही दर वर्षी वाचतो. यंदा मात्र वाचताना आम्ही जरा थबकलो, कारण गेले चार महिने आपल्या धर्मग्रामातही डोंगरात एक मंडप बांधण्याचीच चर्चा चालू आहे.

आपल्यातील एका कुटुंबाने मुळशी धरणाच्या पलीकडे, ताम्हिणीच्या वाटेवर असलेली आपली एकरभर जागा धर्मग्रामाला वापरण्यासाठी देऊ केली आहे. तिथे एक लहानशी, निसर्गाला धक्का न लावणारी ध्यानकुटी बांधावी, एका वेळी एकाने तिथे जाऊन एक-दोन दिवस मौनात घालवावेत, अशी त्यांची इच्छा आहे. या प्रस्तावामागची तळमळ खरी आहे. तरीही आम्ही अजून होकार दिलेला नाही. उशीर का होतो आहे, असे काही जणांनी मिस्सानंतर विचारले. या लेखात त्याचेच उत्तर द्यायचे आहे.

प्रथम हे मान्य करू या की हिंजवडीत राहणाऱ्या माणसाला शांततेची भूक लागणे स्वाभाविक आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून इथे आय.टी. पार्क उभे राहू लागले आणि एका पिढीच्या आत शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. ऑफिसला जाताना चौकात अडकलेली गाडी, रात्रपाळी, कानात सतत असलेला इअरफोन, घरी आल्यावरही न थांबणारे फोन. आमच्याकडे बोलायला येणारी तरुण मंडळी पापापेक्षा थकव्याविषयी अधिक बोलतात. प्रभू येशू स्वतः पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जात असे, हे संत मार्क आपल्याला सांगतो. तेव्हा एकांत हवासा वाटणे हा पळपुटेपणा नव्हे.

प्रश्न आहे तो एकांत कसा मिळवायचा याचा. आमच्या मते कुटीचा नकाशा हा केवळ इंजिनिअरचा विषय नाही, तो नीतीचाही विषय आहे.

धर्मग्रामातील एका तरुण वास्तुविशारदाने पहिला आराखडा काढला, तोही एक पैसा न घेता. आराखडा देखणा होता. सहाशे चौरस फूट, दरीच्या बाजूला पूर्ण काचेची भिंत, सिमेंटचे खांब, लाकडी सज्जा, आत न्हाणीघर, छतावर सौर पॅनेल, बोअरवेल, चारी बाजूंनी तारेचे कुंपण आणि दारापर्यंत गाडी जाईल असा रस्ता. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत आम्ही त्यातील एकेका गोष्टीपुढे एकच प्रश्न लिहिला : ही नसेल तर प्रार्थना अडेल काय?

काचेच्या भिंतीने उन्हाळ्यात खोली तापेल आणि पाखरे आपटून मरतील. ती नसली तरी प्रार्थना अडत नाही. रस्ता झाला की त्यामागून चहाची टपरी आणि प्लॉटच्या पाट्या येतात. शेवटचा एक किलोमीटर चालत गेल्याने तर प्रार्थनेची तयारीच होते. कुंपण कोणासाठी? भेकर आणि रानडुकरांच्या वाटा आपल्या सातबाराच्या आधीच्या आहेत. बोअरवेलऐवजी गावच्या विहिरीवरून, गावकऱ्यांच्या परवानगीने, दोन कळश्या आणता येतील. असे करता करता सहाशे फुटांची कुटी दहा बाय दहावर आली आणि पुढे एक छोटी पडवी उरली. आमच्या वास्तुविशारदाने हे मन मोठे करून स्वीकारले. "फादर, एवढ्यासाठी माझी गरजच काय? हे तर गावातला कोणीही बांधील," असे तो हसत म्हणाला.

त्याचे ते वाक्य आम्ही मनावर घेतले आणि गावातच जाऊन विचारले. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर पाच हजारांहून अधिक. अशा पावसात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या लोकांनी आपले उत्तर शोधून ठेवले आहे. रचलेल्या दगडांचे उंच जोते, उतरते छप्पर, आणि पश्चिमेची झड भिंतीवर बसू नये म्हणून चांगली पुढे आलेली वळचण. भिंत कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्यांची, शेणमातीने लिंपलेली. सह्याद्रीतली कारवी साधारण आठ वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि मरून जाते. तिच्या वाळलेल्या काठ्या कुडाला लागतात. म्हणजे भिंतीसाठी एकही जिवंत झाड तोडावे लागत नाही, आणि उद्या ती कुटी कोणाला नकोशी झाली तर दोन-चार पावसाळ्यांत तिची पुन्हा माती होते.

छपराला जुनी मंगलोरी कौले मिळतील. आपल्या परिसरात जुनी घरे पाडली जात आहेत आणि त्यांची कौले, वासे, दारे विकायला निघतात. ही कौले १८६५ साली मंगळूरला बासल मिशनच्या कारखान्यात बनू लागली, म्हणजे मिशनऱ्यांनी या देशाला दिलेल्या साध्या, टिकाऊ वस्तूंपैकी ती एक आहे. संडास दोन खड्ड्यांचा, एक भरला की दुसरा वापरायचा आणि पहिल्याचे खत होऊ द्यायचे. दिव्याला एक लहान सौर कंदील पुरे. उन्हाळ्यात डोंगरउतारांवर वणवे लागतात, म्हणून कुटीभोवतीचे वाळलेले गवत हिवाळ्यातच काढून टाकावे लागेल. आणि दर वर्षी पावसाळा संपला की भिंती पुन्हा लिंपाव्या लागतील. हे शेवटचे काम ऐकून कौन्सिलमधल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. आम्हाला मात्र तो कुटीचा दोष वाटत नाही. वर्षातून एकदा दहा जणांनी मिळून शेणमातीत हात घातल्याशिवाय जी टिकत नाही, ती कुटी धर्मग्रामाला विसरता येणार नाही.

इथपर्यंत सगळे ठीक होते. मग एका मुलाने, तो अकरावीत आहे, आम्हाला एक हिशेब दाखवला. हिंजवडीहून तिथे जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतात. मोटारीला सहा-सात लिटर पेट्रोल लागते, आणि एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका खेपेला पंधरा किलो. महिन्याला वीस जण आपापल्या मोटारीने गेले तर तीनशे किलो. एक टन सिमेंट तयार होताना साधारण सहाशे ते नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सिमेंट टाळून आपण जे वाचवले ते दोन-तीन महिन्यांत मोटारींच्या धुरात उडून जाणार. बंधू-भगिनींनो, पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या सामायिक घराच्या जतनाविषयी जे विश्वपत्र लिहिले, त्याचा गाभा असा की सृष्टीची जखम आणि गरिबाची जखम वेगवेगळ्या नाहीत. मातीची भिंत हा त्यातला सोपा भाग आहे. आपल्या सवयी हा कठीण भाग आहे. म्हणून आम्ही पहिला नियम लिहिला : जायचे तर एस.टी.ने, नाहीतर एकाच गाडीत चौघांनी. एक जण कुटीत बसेल, बाकीचे तिघे गावात किंवा झाडाखाली.

आता या कुटीत बसण्याची जी किंमत आहे, ती कोण मोजतो, हे पाहू या. पैशाबद्दल आम्ही बोलत नाही.

अमेरिकन लेखक थोरो याचे नाव अशा कुटीच्या चर्चेत हमखास निघते. १८४५ साली त्याने वॉल्डन तळ्याकाठी दहा बाय पंधरा फुटांची झोपडी बांधली आणि तिला अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट खर्च आला, असा चोख हिशेब त्याने मांडून ठेवला. साधेपणाचा धडा म्हणून तो आजही वाचला जातो. पण त्याच हिशेबात आणखी एक गोष्ट आहे. झोपडीसाठी फळ्या हव्या होत्या म्हणून त्याने रेल्वेमार्गावर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराचे खोपटे सव्वाचार डॉलरला विकत घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कुटुंब आपले किडूकमिडूक घेऊन निघून गेले आणि थोरोने खोपट्याच्या फळ्या सोडवून नेल्या. व्यवहार रास्त होता, कोणी कोणाला फसवले नाही. तरी एकाची चिंतनाची कुटी दुसऱ्याच्या घराच्या फळ्यांतून उभी राहिली, ही गोष्ट वाचल्यापासून आमच्या डोक्यातून जात नाही.

कारण आपल्या फळ्या कोठून येतात? ज्या मुळशीच्या जलाशयाकडे पाहून आपण निसर्गाची स्तुती करतो, तो जलाशय धरणाचा आहे. मुंबईला वीज देण्यासाठी टाटांनी ते धरण बांधायला घेतले तेव्हा मावळ्यांची गावे आणि भाताची खाचरे पाण्याखाली जाणार होती. त्याविरुद्ध १९२१ साली मुळशी सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापटांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले. धरण झालेच. हिंजवडी ही त्याच मुळशी तालुक्यात आहे, आणि इथेही काल शेती करणारे कित्येक जण आज त्याच जमिनीवरच्या इमारतींचे दरवाजे राखतात. तेव्हा "मोकळी जागा" हा शब्द आपण जपून वापरायला हवा. जागा मोकळी दिसते याचा अर्थ तिथे कोणाचे काही नव्हते, असा होत नाही.

त्या एकराच्या शेजारी एक देवराई आहे. अशा देवराया मावळ-मुळशीत अनेक आहेत आणि १९७० च्या दशकात वर्तक आणि गाडगीळ या अभ्यासकांनी त्यांची नोंद केली होती. देवाच्या नावाने राखलेले ते रान, तिथे कुऱ्हाड चालत नाही, पडलेले लाकूडही घरी नेत नाहीत. आम्ही राईच्या कडेला उभे असताना गुरे घेऊन चाललेल्या एका आजीबाईंना विचारले, "आजी, आत देऊळ नाही का?" त्या म्हणाल्या, "आमच्या देवाला छप्पर न्हाई चालत, बाबा. त्याला पाऊस लागतो अंगावर." त्यांचा देव आणि आपली श्रद्धा वेगळी आहे, हे आम्ही विसरत नाही. पण प्रार्थनेच्या नावाने रानात काहीही न बांधणे हीसुद्धा भक्तीची एक रीत असू शकते, हे आम्हाला त्या आजींकडून कळले. काही ठिकाणी अशा रायांत जीर्णोद्धाराच्या नावाखाली मोठी काँक्रीटची देवळे उठली आणि त्यासाठी झाडे गेली. जे राखायचे तेच भक्तीने नाहीसे केले. आपल्याकडूनही हेच होऊ शकते.

इकडे हिंजवडीत, चर्चच्या मागच्या रस्त्यावर नव्या इमारतीचे काम चालू आहे. तिथे मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. आम्ही एका आजारी माणसाला पवित्र तेल लावायला गेलो होतो, तेव्हा सहज खोलीकडे पाहिले. ती दहा बाय दहा होती. आत पाच माणसे राहत होती. ज्या मापावर आलो म्हणून आम्ही स्वतःवर खूश होतो, नेमके तेच माप. आम्हाला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

मग कुटीचा विचारच सोडावा काय? "तो पैसा गरिबांना का देऊ नये?" असे आमच्यापैकी एकाने विचारलेही. प्रश्न चांगला आहे, पण बेथानीच्या घरी मौल्यवान सुगंधी तेल ओतले गेले तेव्हा हाच प्रश्न यहूदाने विचारला होता, आणि प्रभूने त्या बाईची बाजू घेतली. गरिबांना काठीसारखे हातात धरून प्रार्थनेला हाकलणे बरोबर नाही. शिवाय पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या त्या माणसाला भाकरीच तेवढी हवी, शांतता नको, असे आपण कोण ठरवणार? आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी एका कंपनीत साफसफाईचे काम करतात. त्यांना आम्ही कुटीविषयी सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "फादर, मला दोन दिवस कोण देणार? बस सुटली की उतरेपर्यंत मी डोळे मिटून बसते, तेवढंच माझं." मौनाची गरज त्यांनाही आहे, कदाचित आपल्यापेक्षा जास्त. फक्त त्यांच्या मौनाचा नकाशा कोणी काढलेला नाही.

सेमिनरीत आम्हाला ॲरिस्टॉटल शिकवला गेला. चिंतनाचे जीवन सर्वांत श्रेष्ठ, असे तो सांगतो. पण त्याच्या काळी ग्रीक नगरांतील नागरिकांना चिंतनासाठी जी फुरसत मिळे ती घरात राबणाऱ्या गुलामांच्या आणि स्त्रियांच्या श्रमावर. संत थॉमस अक्वायनस याने त्यात मोलाची भर घातली : नुसते स्वतः उजळण्यापेक्षा दुसऱ्याला उजेड देणे मोठे, चिंतनात जे मिळाले ते वाटले पाहिजे. आम्ही त्यात नम्रपणे एवढेच जोडू की चिंतनाचे फळ वाटायचे असेल तर चिंतनाची वेळही वाटायला हवी.

आपल्याच मातीतले उदाहरण घ्या. संत तुकाराम भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात जाऊन बसत. त्यांचा भंडारा सगळ्यांना ठाऊक आहे. पण परंपरा हेही सांगते की त्यांची भाकरी घेऊन आवली तो डोंगर चढत असे, रानातले काटे तुडवत. तिच्या पायांना एकांत मिळाला का, हे कोणी विचारत नाही. प्रत्येक ध्यानस्थ माणसामागे कोणीतरी चूल पेटवणारे असते. मरियेने श्रेष्ठ वाटा निवडला हे खरेच, पण मार्था उपाशी राहिली असती तर त्या घरी प्रभूला जेवण कोणी दिले असते?

असिसीच्या संत फ्रान्सिसने याचे उत्तर आठशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. डोंगरातल्या एकांतवासात राहणाऱ्या बंधूंसाठी त्याने एक छोटासा नियम लिहिला. तीन किंवा चार जणांनीच एकत्र राहावे. दोघांनी आई व्हावे आणि बाकीच्यांनी मुले. आयांनी मार्थेसारखे घर सांभाळावे, मुलांनी मरियेसारखे प्रार्थनेत बसावे, आणि मधून मधून अदलाबदल करावी. एकांत राखायचा, पण त्याचा भार कायम एकाच्याच खांद्यावर टाकायचा नाही. याच फ्रान्सिसविषयी असेही लिहून ठेवले आहे की असिसीच्या लोकांनी बंधूंसाठी पक्के घर बांधले तेव्हा तो स्वतः छपरावर चढून कौले खाली फेकू लागला. घर नगराचे आहे, बंधूंचे नाही, असे समजावल्यावरच तो थांबला. देखणा आराखडा पुढे येईल तेव्हा ही गोष्ट आपण आठवू या.

एवढ्या विचारानंतर आम्ही पॅरिश कौन्सिलपुढे पुढील गोष्टी ठेवल्या आहेत. त्यावर आपण सर्वांनी मत द्यावे.

पहिली, चर्चच्या मागे मोडकी बाके आणि नाताळचे सामान ठेवायची जी खोली आहे, ती रिकामी करावी. तीही साधारण दहा बाय दहाच आहे. चुना लावून, एक चटई आणि एक क्रूस ठेवून ती पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत उघडी ठेवावी. रात्रपाळीहून येणारा, बसची वाट पाहणारी, पत्र्याच्या खोलीतला, कोणत्याही धर्माचा, ज्याला पंधरा मिनिटे गप्प बसायचे आहे त्याच्यासाठी.

दुसरी, मुळशीच्या जागेवर यंदा काहीही बांधू नये. एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासकट, आपण तिथे नुसते जाऊन बसावे. पाणी कोठून वाहते, गुरे कोठून जातात, गावकऱ्यांना काय वाटते, ते कळू द्यावे. जागेचा सातबारा आणि वनखात्याची हद्द नीट तपासून घ्यावी. वर्षानंतरही गरज वाटली तर कुडाची कुटी उभी करू, गावातल्या हातांनी आणि रास्त मजुरी देऊन.

तिसरी, कुटी झाली तर तिला फ्रान्सिसचा नियम लागू राहील. जो या महिन्यात कुटीत बसेल, तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाला बसता यावे म्हणून त्याचे घर सांभाळेल : मुलांना शाळेत सोडील, आजारी सासूबाईंजवळ थांबेल, स्वयंपाक करील. आधी आई, मग मूल. साफसफाईचे काम करणाऱ्या त्या भगिनींचे नाव आम्ही यादीत पहिले लिहिले आहे. त्यांच्या दोन दिवसांची मजुरी आणि घरचा स्वयंपाक कोण पाहणार, एवढेच ठरायचे आहे.

मौन ही चैन नाही. ती माणसाची गरज आहे. आणि चैन नाही म्हणूनच ती चैनीसारखी, ज्याच्याकडे मोटार, सुटी आणि घर सांभाळणारे कोणी आहे त्याच्यापुरती, ठेवता येणार नाही.

पेत्राचे तीन मंडप शेवटी बांधले गेले नाहीत. प्रभूने त्याला रागावलेही नाही. तो फक्त त्यांना घेऊन डोंगर उतरला, आणि खाली एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन वाट पाहत उभा होता. डोंगरावर पाहिलेले तेज खरे होते. ते खालच्या त्या मुलापर्यंत पोहोचायचे होते.

येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मागची खोली रिकामी करायची आहे. झाडू, बादल्या आणि चुन्याचे ब्रश आणावेत. प्रभू आपणा सर्वांना या उपवासकाळात शांती देवो, आणि ती वाटून घेण्याची बुद्धीही देवो.

आपला धर्मगुरू